सतरा नंबरची पाटी

टॅमरॅक बे गावात जिंकणं ही काही फार कौतुकाची गोष्ट समजली जात नाही. वर्षातून एकदा जिंकलात तर लोक "बरं झालं" म्हणतात आणि खिडकीबाहेरचा बर्फ बघू लागतात. एकाच हिवाळ्यात दोनदा जिंकलात तर मांसाचं पुडकं कोटाच्या आत धरून मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि पुढचा शुक्रवार सर्दीच्या नावावर काढायचा, असा रिवाज आहे. आर्विड स्कोग्मो एकाच संध्याकाळी तीनदा जिंकला. तेही दुसऱ्याच्या नंबरवर. आणि ज्या चाकावर जिंकला, ते चाक आदल्याच दिवशी त्याने स्वतःच्या हाताने दुरुस्त केलं होतं.

अब्रू जायला याहून कमी साहित्यही पुरतं.

चाक गावातल्या क्लबाचं. माणसाच्या छातीइतकं उंच, हिरवं-पांढरं, कडेने एक ते तीस आकडे आणि दर दोन आकड्यांमध्ये एक पितळी खुंटी. वरून चामड्याची जीभ लोंबते. चाक फिरलं की ती प्रत्येक खुंटीला चाटत टकटक करते, आणि चाक थकलं की शेवटी एका आकड्यावर मुकाट बसते. ऑक्टोबर ते मार्च दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता क्लबात मांसाची सोडत होते. दर फेरीला तीस लाकडी पाट्या विकायच्या, एकेका पाटीवर एकेक आकडा, किंमत एक डॉलर. ज्याचा आकडा आला त्याला खाटकाकडचं वीस डॉलरचं पुडकं. कधी बेकन, कधी पोर्क चॉप्स, नाताळाच्या आसपास अख्खा हॅम. उरलेले दहा डॉलर मुलांच्या आइस हॉकीच्या मैदानाला. चाक फिरवायचा मान डोरीनचा. ती बारच्या मागून येते, एप्रनला हात पुसते आणि चाकाला हिसका देताना तिच्या आजीपासून चालत आलेली ओळ म्हणते:

फिरलं चाक, धरा गं पाटी,
कुणाच्या ताटी, कुणाच्या पाठी.

आर्विडने गावच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं. डोरीनला शिकवलं, हार्डवेअरच्या दुकानातल्या व्हर्नला शिकवलं, पाद्रीबाबांनाही शिकवलं असतं, पण ते विस्कॉन्सिनहून तयारच आले. निवृत्त झाल्यावर फळा गेला, खडू गेला, शिकवणं तेवढं राहिलं. शुक्रवारी क्लबात शेजारी जो बसेल त्याला तो सांगायचा, की हायवेवरच्या कसिनोत रूलेटचं चाक असतं, त्यात अडतीस खाने. पण जिंकलेल्याला पैसे मिळतात ते छत्तीसच खाने असल्याच्या हिशेबाने. मधले दोन खाने कसिनो गुपचूप खातो, म्हणजे डॉलरमागे पाच सेंट. आता आपलं चाक बघा. तीस डॉलर आत, वीस बाहेर. डॉलरमागे तेहतीस सेंट. आपण कसिनोच्या सहापट लुटारू आहोत, फक्त आपली लूट बर्फावर घसरायला जाते. लोक मान हलवायचे. मग तो त्याचं ठेवणीतलं वाक्य बोलायचा: "आणि चाकाला आठवण नसते." यावरही लोक मान हलवायचे आणि मग आपापल्या नातवंडांच्या जन्मतारखांच्या पाट्या घ्यायचे.

ओर्लिन टॉफ्टे मान हलवायचा नाही. तो घरामागच्या गल्लीतला, आर्विडचा चाळीस वर्षांचा सोबती. रोज सकाळी नऊ वाजता मागच्या दाराने न ठोठावता आत येणार, बूट काढणार, भिंतीकडच्या खुर्चीत बसणार, दोन कप कॉफी पिणार आणि तळ्यावरचा बर्फ किती इंच झाला ते सांगणार. बाकी बोलणं आर्विडचं. आर्विडची बायको मार्लिस म्हणायची, की या दोघांना मिळून देवाने एकाच माणसापुरते शब्द दिले होते आणि वाटणीच्या दिवशी ओर्लिन मासे धरायला गेला होता.

ओर्लिन दर शुक्रवारी एकच पाटी घ्यायचा. पहिल्या फेरीला, सतरा नंबरची. पाच हिवाळे झाले होते आणि सतरा त्याला एकदाही आला नव्हता. दर वेळी पाटी डोरीनला परत देताना तो म्हणायचा, "आता यायला झालाय." आणि दर वेळी आर्विड कपाळाला हात लावायचा. ज्या माणसाबरोबर आपण चाळीस वर्षं कॉफी प्यायलो, त्या माणसाने असं बोलावं, म्हणजे आपल्या आयुष्याचं चीज ते काय झालं?

त्या आठवड्यात चाकाची जीभ तुटली. दुरुस्तीला आर्विड स्वतःहून पुढे झाला. व्हर्नच्या दुकानात चामडं नव्हतं, रबर होतं. व्हर्न म्हणाला, रबर चालेल. आर्विड म्हणाला, रबर उसळतं, मग चाक कुठे थांबेल त्याचा भरवसा नाही. व्हर्न म्हणाला, भरवसा नसावा म्हणूनच तर चाक असतं ना. या मुद्द्यावर अर्धा तास गेला. शेवटी आर्विडने आपला जुना कमरेचा पट्टा कापला, त्याची जीभ केली, खुंट्या घासून पुसून लखलखीत केल्या आणि गुरुवारी संध्याकाळी पँट एका हाताने धरून घरी आला.

शुक्रवारी ओर्लिनने सतराची पाटी उचलली. आर्विडने आठची. आणि आर्विडला तो मोह झाला, जो शिक्षकाला आयुष्यभर होत राहतो: समोरच्याला आज, आत्ता, कायमचं समजावून सांगायचा.

"ओर्लिन, तुझ्या मते सतरा यायला झालाय. माझ्या मते आठ आणि सतरा दोन्ही सारखेच. मग आज बदलू या. आज सगळ्या दहा फेऱ्या खेळू. तू आठ धर, मी सतरा धरतो. म्हणजे आकड्याने काही फरक पडत नाही हे तुला दिसेल."

ओर्लिनने पाटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती पुढे केली.

पहिल्या फेरीला सतरा आला.

क्लबात अशी शांतता झाली की सूपच्या कढईतले बुडबुडे ऐकू येऊ लागले. आर्विडने बेकनचं पुडकं घेतलं आणि हसून सांगितलं, की हा निव्वळ योगायोग, एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. चौथ्या फेरीला सतरा आला. त्याने सांगितलं, की योगायोगाचं असंच असतं, तो घोळक्याने येतो. नवव्या फेरीला सतरा आला. पोर्क चॉप्सचं पुडकं देताना डोरीन हळूच म्हणाली, "सर, घ्या आता. पडेल हातातून."

कुणी काही म्हटलं नाही. टॅमरॅक बेमध्ये कुणी काही म्हणत नाही, हीच तर पंचाईत. फक्त सगळ्यांच्या नजरा आधी चाकाकडे गेल्या, मग चाकाच्या नव्या चामड्याच्या जिभेकडे, आणि मग, फार सभ्यपणे, आर्विडच्या नव्या पट्ट्याकडे.

बाहेर पार्किंगमध्ये उणे वीस तापमान होतं. आर्विडने तिन्ही पुडकी ओर्लिनपुढे धरली. "तुझीच आहेत ही. घे."

"नको रे," ओर्लिन म्हणाला.

"अरे, सतरा तुझाच ना. घे."

"नको. असू दे तुला."

माणूस दोनदा नको म्हणाला, म्हणजे त्याला नको असणार. आर्विडलाही त्या रात्री जरा लागलंच होतं. त्याने पुडकी गाडीत टाकली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, मागचं दार उघडलं नाही. मार्लिसने मांडलेला तिसरा कप कोरडाच होता. तिने तो पुसायची गरज नसताना पुसला आणि फडताळात ठेवला. रविवारी तसंच. सोमवारी तसंच. आर्विडने खिडकीतून पाहिलं तर ओर्लिन आपल्या अंगणातला बर्फ फावड्याने बाजूला करत होता, आणि या घराकडची कड तेवढी नीट सोडून.

"बर्फ किती इंच झालाय कोण जाणे," आर्विड म्हणाला.

"तूच जाऊन विचार," मार्लिस म्हणाली.

"त्याला वाटतंय मी चाकात काही केलं. तो कधी बोलणार नाही, पण त्याला वाटतंय. मी गेलो तर कबूल केल्यासारखंच होईल."

मार्लिसने अंडी फेटता फेटता विचारलं, "सतरा हा नंबर त्याने का धरला होता, ठाऊक आहे?"

"कुठलातरी धरायचा म्हणून."

"कॅरिनच्या जर्सीचा नंबर होता तो. हॉकीच्या."

कॅरिन ओर्लिनची मुलगी, आता ॲरिझोनात. तिथून ती नाताळाला फोन करते आणि विचारते, अजून बर्फ आहे का. आर्विडला ती आठवली ती तिसऱ्या बाकावरची, अपूर्णांकांवर रुसलेली. जर्सी त्याने शंभर वेळा पाहिली असेल, आकडा कधी पाहिला नव्हता. आकड्यांचा माणूस तो. त्या दिवशी त्याने अंडी खाल्ली नाहीत.

मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सल्ले द्यायला सुरुवात केली, तेही या गावच्या पद्धतीने, म्हणजे दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगून. व्हर्नने सांगितलं, की त्याच्या मेहुण्याच्या गावी एका चाकाची खुंटी वाकडी निघाली होती, रबराची जीभ असती तर कळलं असतं. समोरच्या बर्नडीनबाईंच्या ओळखीत एक गृहस्थ होते, ते फार जिंकले, मग त्यांचा गुडघा गेला. पाद्रीबाबांनी रविवारच्या प्रवचनात नम्रतेवर भर दिला आणि आर्विडकडे अजिबात बघितलं नाही, इतकं अजिबात नाही की मागच्या तिन्ही बाकांच्या ते ध्यानात आलं. शेवटी सर्वांचं मत पडलं, की तोंड लपवू नये. पुढच्या शुक्रवारी जाऊन चारचौघांत व्यवस्थित हरून दाखवावं.

हा सल्ला आर्विडला पटला. हरणं तीसपैकी एकोणतीस वेळा होतंच, त्यात काय अवघड? तो गेला. सतराच्या आसपासही फिरकला नाही. एका कोपऱ्यात उभा राहिला, डोळे मिटून ढिगातली पाटी उचलली, चार नंबर निघाला, एकच फेरी खेळला.

चार आला.

घरच्या फ्रीजरमध्ये आता चार पुडकी झाली. मार्लिसने वाटाण्याच्या पिशव्या समोरच्या बर्नडीनबाईंकडे ठेवायला दिल्या. पुडकी शिजवावीत तर घशाखाली उतरायची नाहीत, कुणाला द्यावीत तर लोक "नको, तुम्हालाच लागेल" म्हणत दोन पावलं मागे सरकायचे.

तेव्हा आर्विडने ठरवलं, की चाक निर्दोष आहे हे शास्त्राने सिद्ध करायचं. चाक तीन हजार वेळा फिरवायचं. चाक सरळ असेल तर प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास येईल. वाकडं असेल तर तेही दिसेल, आणि मग आपण सर्वांसमोर उभं राहून सांगू, की आपल्याला दुरुस्ती जमली नाही. चोर ठरण्यापेक्षा अडाणी ठरलेलं बरं. हे तो मनात म्हणाला आणि स्वतःच्याच मोठेपणाने थोडा गहिवरला.

पण चाक म्हणजे काही कपाट नव्हे, वाटेल तेव्हा उघडायला. त्याला सरकारी परवाना. आर्विडने परवाना कार्यालयाला फोन लावला. एका बाईंनी सांगितलं, चाक फिरवणं म्हणजे सोडत, तिच्या परवानगीचा अर्ज वेगळा. अर्ज आला. त्यात रकाना होता: बक्षिसाचं स्वरूप. आर्विडने लिहिलं, काही नाही. अर्ज परत आला: बक्षिसाशिवाय सोडत घेता येणार नाही. त्याने दुसऱ्या अर्जावर लिहिलं, मनःशांती. ते मार्लिसने खोडलं. तिसऱ्या फोनला एक नवीनच गृहस्थ भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की दुरुस्तीनंतरची चाचणी असेल तर तुमच्याच क्लबाची नियमावली काय म्हणते ते बघा, आणि आम्हाला नुसतं कळवा.

नियमावली १९५८ सालची होती आणि बारच्या गल्ल्याखाली निघाली. डोरीनने ती मोठ्याने वाचली. चाकाची दुरुस्ती झाल्यास चाचणी दुरुस्त करणाऱ्याने करावी. मात्र नोंद अशा सदस्याने ठेवावी, जो या चाकावर नियमाने खेळतो आणि ज्यास या चाकावर आजवर एकही बक्षीस लाभलेलं नाही.

डोरीनने वही मिटली. बारवर बसलेल्यांनी आपापल्या मनात गावातली माणसं मोजली. मोजायला फार वेळ लागला नाही.

"सर," डोरीन म्हणाली, "असा एकच माणूस आहे."

क्लबाचं काम म्हटल्यावर ओर्लिनने नाही म्हणणं शक्य नव्हतं. त्याने शेजाऱ्याचं लग्न चुकवलं असतं, क्लबाची पाळी नाही. ठरल्या दिवशी दुपारी एक वाजता तो आला, टोपी काढली, चाकापासून सहा फुटांवर खुर्ची ओढली, वही मांडीवर घेतली आणि पेन्सिलीला टोक काढलं. आर्विड म्हणाला, "आलास." ओर्लिन म्हणाला, "हो." त्या दिवसाचं संभाषण एवढंच.

चाक फिरलं. टक टक टक टक, टक, टक... टक. बावीस. ओर्लिनने रेघ मारली. पुन्हा फिरलं. सहा. रेघ. क्लबात दुसरं कुणी नाही. बाहेर तळ्यावर पांढरं ऊन पडलेलं आणि आत दोन म्हातारे, एक फिरवणारा, एक लिहिणारा, जसं एकाने दळावं आणि दुसऱ्याने पीठ भरावं. दिवसाला पाचशे फेऱ्या, सहा दिवसांचं काम.

पहिल्या दिवशी सतरा चोवीस वेळा आला. यायला हवा होता सोळा-सतरा वेळा. ओर्लिनने त्या चोवीस रेघांखाली एक आडवी रेघ ओढली, फक्त एकच, पण तिचा आवाज आर्विडच्या कानाला चाकाहून मोठा लागला. त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, की पाचशे म्हणजे काहीच नाही, थोड्या फेऱ्यांत आकडे असेच उड्या मारतात, फेऱ्या वाढल्या की उड्या बुजतात. चाक काही झालेल्या चुका भरून काढत नाही, नुसतं पुढे पुढे जात राहतं आणि त्या गर्दीत चुका दिसेनाशा होतात. पण समोरच्याशी बोलणं बंद होतं. शिकवायला इतकं असताना गप्प बसायची चौतीस वर्षांत ही पहिली वेळ. त्याचा रात्री खांदा दुखला आणि जीभसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सतरा एकोणीस वेळा, तिसऱ्या दिवशी बारा. तिसऱ्या दिवशी आर्विडचा खांदा इतका धरला की त्याला चाक डाव्या हाताने फिरवावं लागलं. ओर्लिनने वहीच्या कडेला नोंद केली: इथून डावा हात. चौथ्या दिवशी त्याने थर्मास आणला. झाकणात कॉफी ओतली, स्वतः प्यायला, मग पुन्हा ओतली आणि झाकण चाकाच्या पायाशी, दोघांच्या बरोब्बर मध्यावर ठेवलं. आर्विडने ते उचललं. कॉफी पातळ होती, भयंकर पातळ. गेल्या महिन्यात इतकं चवदार काही त्याच्या तोंडात गेलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ओर्लिन म्हणाला, "अठ्ठावीस इंच."

"काय?"

"बर्फ."

"अठ्ठावीस," आर्विड म्हणाला, आणि त्याला चाक जरा वेळ दिसेना.

सहाव्या दिवशी साडेतीन वाजता तीन हजारावी फेरी झाली. ओर्लिनने रेघा मोजल्या, आर्विडने मोजल्या, मग दोघांनी मिळून पुन्हा मोजल्या. सर्वांत कमी आलेला आकडा शहाऐंशी वेळा, सर्वांत जास्त एकशे सतरा वेळा. आठ शहाण्णव वेळा. सतरा एकशे तीन वेळा. चाक आरशासारखं स्वच्छ होतं.

"म्हणजे चाक सरळ आहे," ओर्लिन म्हणाला.

"सरळ आहे."

"मग पाच हिवाळे मला एकदाही का नाही?"

असा प्रश्न कुणी आपल्याला विचारावा म्हणून आर्विड निवृत्तीपासून थांबला होता. पण आता तो घाईने बोलला नाही. ओर्लिनच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि वहीचं कोरं पान घेतलं.

"तू वर्षाला चोवीस पाट्या घेतोस. पाच वर्षांच्या एकशे वीस. असा एकशे वीस पाट्या घेणारा माणूस एकदाही जिंकू नये, असं साधारण साठांत एकाच्या बाबतीत होतं. आपल्या क्लबात शुक्रवारी नेमाने येणारे किती?"

ओर्लिनने मनात बाकं मोजली. "साठेक असतील."

"मग कुणीतरी एक निघणारच. चाकाचा त्यात काही राग नाही. ते नाव वाचत नाही."

ओर्लिनने ते पान स्वतःकडे फिरवलं. "म्हणजे माझ्यामुळे बाकी एकोणसाठांचं बरं चाललंय."

गणिताने हे अगदी बरोबर नव्हतं. आर्विडने ते दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चूक तशीच राहू दिली.

"तुला खरंच वाटलं होतं," त्याने विचारलं, "की मी चाकात काही केलं?"

ओर्लिनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने तळं उन्हाळ्यात गोठलं का असं विचारलं असावं. "तू? तू गावातल्या पोरांना अर्धा मार्कसुद्धा फुकट दिला नाहीस. कॅरिन अजून बोलते. नाही रे. चाकाचं मला कधी वाटलंच नाही."

तीन हजार फेऱ्या. दोन्ही खांदे. तीन फोन. आर्विड खुर्चीत मागे टेकला.

"मग कॉफीला का येत नव्हतास?"

ओर्लिनने पेन्सिल खिशात ठेवली. पुन्हा काढली. चाकाकडे बघत म्हणाला, "त्या दिवशी पार्किंगमध्ये. पुडकी घे म्हणालास."

"तू नको म्हणालास."

"हो, म्हणालो. मग पुन्हा म्हणालास."

"तू पुन्हा नको म्हणालास."

"हो," ओर्लिन म्हणाला. "तू दोनदाच विचारलंस, आर्विड."

क्लबात घड्याळ वाजत होतं आणि आर्विडला सगळं लख्ख दिसलं. या गावात पहिल्या विचारण्याला नको म्हणायचं ते रीत म्हणून. दुसऱ्याला नको म्हणायचं ते समोरचा मनापासून विचारतोय का ते बघायला. माणूस हो म्हणतो ते तिसऱ्याला. कॉफीचं असंच, केकचं असंच, लग्नाच्या मागणीचंही मार्लिसने असंच केलं होतं. जो दोनदा विचारून थांबला, त्याने विचारलंच नव्हतं. लहान पोरालाही हे कळतं. ओर्लिन त्या उणे वीसमध्ये, मुलीचा नंबर दुसऱ्याच्या हातात देऊन, तिसऱ्या विचारण्याची वाट बघत उभा राहिला होता. आणि आर्विड मात्र गाडीचं दार लावून निघून गेला होता. चौतीस वर्षं गणित शिकवलं, आणि तीनपर्यंत मोजता आलं नाही.

"ओर्लिन," तो म्हणाला. "चार पुडकी आहेत घरी. नेतोस का?"

ओर्लिनने टोपी घातली, कानांवरून खाली ओढली, वही काखेत घेतली.

"आता एवढं म्हणतोसच तर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मागचं दार उघडलं. मार्लिसने मागे वळून न बघता तिसरा कप भरला. ओर्लिनने बूट काढले, बसला आणि सांगितलं, की साडेअठ्ठावीस.

चाचणीचा निकाल क्लबाच्या भिंतीवर लागला. लोकांनी तो वाचला, मान हलवली आणि सांगितलं, की आम्हाला शंका नव्हतीच. परवाना कार्यालयाचं मात्र पत्र आलं. तीन हजार सोडती झाल्याचं आपण कळवलंत, प्रत्येकी तीस पाट्यांप्रमाणे नव्वद हजार डॉलरच्या विक्रीचा तपशील व कर पाठवावा. आर्विड दोन दिवस झोपला नाही. तिसऱ्या दिवशी डोरीनने स्वतःच उत्तर लिहिलं: पाट्या विकल्या नाहीत. मांस दिलं नाही. दोन गृहस्थांनी कॉफी प्यायली. यावर कार्यालयाचं पुन्हा काही आलं नाही.

त्या शुक्रवारी क्लब खच्चून भरला होता. आर्विडने डोरीनला दोन डॉलर दिले, आठची पाटी स्वतः घेतली आणि सतराची ओर्लिनच्या हातात ठेवली. ओर्लिन म्हणाला, नको, मी घेतो माझी. आर्विडने पुन्हा दिली. नको रे. आर्विडने तिसऱ्यांदा दिली. ओर्लिनने घेतली आणि आकड्यावरून अंगठा फिरवला.

डोरीनने एप्रनला हात पुसले. "फिरलं चाक, धरा गं पाटी..." चाक सुटलं. टकटकटकटक. मग हळू. मग आणखी हळू. तेरा. चौदा. आर्विडला ठाऊक होतं, की या चाकाला सतरा ठाऊक नाही, कॅरिन ठाऊक नाही, पाच हिवाळे ठाऊक नाहीत. हे गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पंधरा. सोळा. आपण सगळ्या अंगाने डावीकडे झुकलोय, चाकाला थोपवायला निघाल्यासारखे, हे त्याला उशिरा कळलं.

जीभ सतरावर आली. थांबली. मग चाकाने जाता जाता एक उसासा टाकावा तसं झालं, जीभ खुंटीवरून घसरली, आणि अठरा आला. अठरा व्हर्नचा होता. व्हर्न लाजेने लाल झाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

ओर्लिनने पाटी गुडघ्यावर ठेवली. "जवळ आलं होतं," तो म्हणाला.

चाकाच्या बाबतीत जवळ असं काही नसतं. सतरा हुकला तो अठराने हुकला काय आणि तीनने हुकला काय, दोन्ही सारखंच. हे आर्विडने चौतीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

"हो," तो म्हणाला. "अगदी जवळ आलं होतं."